तराजू आणि भट्टी

आमच्या समाजात विज्ञानाचा विषय निघाला की दोन तऱ्हेची भाषणे ऐकू येतात. पहिले भाषण जलशांत, शाळांच्या संमेलनांत आणि हल्ली मोबाइलवर फिरते. रसायनशास्त्र आमचेच, जाबिर बिन हय्यान त्याचा जन्मदाता, युरोपने ते उचलले आणि स्वतःच्या नावावर खपवले, असा त्याचा मतलब. दुसरे भाषण मोठ्याने कोणी करत नाही, पण ते जास्त खोल रुतलेले असते. शाळेच्या पुस्तकात लाव्हाझिए आहे, डाल्टन आहे, मेंडेलीव आहे. मग या सगळ्यात आपण कुठे? नववीतल्या मुलाच्या मनात हा प्रश्न येतो आणि ‘कुठेच नाही’ असे त्याचे उत्तरही तिथेच तयार होते. पहिल्या भाषणाने फुशारकी येते, दुसऱ्याने लाज. दोन्ही भाषणे अंदाजपंचे केलेली असतात. ज्या शास्त्राचा जन्मच तोलण्यातून झाला, त्याचा इतिहास तरी न तोलता सांगू नये, एवढ्यासाठी हा लेख.

तोलण्यापासूनच सुरुवात करू. ‘तराजू’ फारसी, ‘वजन’ अरबी. ‘मण’, ‘अर्क’, ‘अत्तर’, ‘तेजाब’, ‘कलई’ हेही त्याच वाटेने आले. मराठीत ‘किमया’ म्हणजे जादू. अरबीत ‘अल-किमिया’ म्हणजे भट्टीवरची विद्या, आणि युरोपातल्या भाषांनी रसायनशास्त्राचे नाव याच शब्दावरून घेतले. हे शब्द पंडितांनी आणले नाहीत. ते अत्तारांनी, कलईवाल्यांनी, हकिमांनी, टांकसाळीतल्या कारकुनांनी आणले. एखाद्याचे बिंग फोडले की मराठी माणूस ‘कलई उघडली’ म्हणतो, तेव्हा तो नकळत धातूच्या पारखीचीच भाषा बोलत असतो. पण शब्दांची मालकी म्हणजे शास्त्राची मालकी नव्हे. म्हणून शब्द बाजूला ठेवून माणसांकडे वळू.

जाबिर बिन हय्यान आठव्या शतकातला, कूफ्यातला, असे परंपरा सांगते. त्याच्या नावावर ग्रंथांची आणि पत्रिकांची मिळून तीन हजारांच्या घरात नावे लागतात. एका माणसाने इतके लिहिणे कठीण, ही शंका जुन्या अरबी लेखकांनाही आली होती. पॉल क्राउस या विद्वानाने १९४२-४३ मध्ये कैरोत जाबिरवर मोठे संशोधन प्रसिद्ध केले आणि हे बरेचसे लेखन नवव्या-दहाव्या शतकातल्या एका गटाचे असावे, असे मत मांडले. वाद अजून मिटलेला नाही. युरोपात ‘गेबर’ या नावाने जे लॅटिन ग्रंथ गाजले, त्यांतला सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ तर तेराव्या शतकातल्या एका लॅटिन लेखकाने जाबिरचे नाव घेऊन लिहिलेला आहे. नाव घेतले यावरून त्या नावाचा दबदबा किती होता ते कळते. पण जलशातल्या भाषणात जाबिरच्या खात्यावर जे जे शोध जमा होतात, त्यांतले बरेचसे या लॅटिन गेबरचे आहेत, हे आपल्याला माहीत असलेले बरे.

मग जाबिरच्या अरबी ग्रंथांत काय उरते? पुष्कळ उरते. भभके, भट्ट्या, नवसागर, गंधक आणि पारा यांच्या संयोगातून सर्व धातू बनतात ही कल्पना. आणि एक विलक्षण महत्त्वाकांक्षा, जिला तिथे ‘इल्म-अल-मीझान’, म्हणजे तराजूचे शास्त्र म्हटले आहे. प्रत्येक पदार्थात उष्णता, शीतलता, कोरडेपणा आणि ओलावा ठरावीक मापात असतो; ते माप कळले की एक धातू दुसऱ्यात बदलता येईल. कल्पना केवढी मोठी! पदार्थाचे गुण आकड्यांत सांगता येतात, हेच तर आजचे रसायनशास्त्रही म्हणते. अडचण एवढीच की हे माप पारड्यात ठेवून काढायचे नव्हते. ते धातूच्या अरबी नावातल्या अक्षरांवरून काढायचे होते. एक, तीन, पाच आणि आठ या आकड्यांची बेरीज सतरा, आणि सगळी सृष्टी त्या सतरावर बेतलेली, असा तो हिशोब. आमच्या मते इथे भव्य स्वप्न आणि चुकीचा तराजू यांची गाठ पडली. अक्षरांवरून शिशाचे मर्म कळत नाही. ते कळायला शिसे हातात घ्यावे लागते.

हातात घेणारा माणूस म्हणजे अबू बकर अर-राझी. इराणातल्या रय्य गावचा, ८६५ च्या सुमारास जन्मलेला, ९२५ मध्ये वारलेला. हकीम म्हणून तो थोर होताच, पण त्याचे ‘किताब-अल-असरार’ हे पुस्तक वाचताना एखाद्या नीटनेटक्या कारखानदाराचे कपाट उघडल्यासारखे वाटते. नाव ‘रहस्यांचे पुस्तक’, आणि आत रहस्य जवळजवळ नाहीच! भाते, मुशी, चिमटे, गाळण्या, भभके यांची यादी आहे. पदार्थांचे प्राणिज, वनस्पतिज आणि खनिज असे भाग आहेत. खनिजांचे पुन्हा सहा वर्ग: तापवले की उडून जाणारे ‘आत्मे’, म्हणजे पारा, नवसागर, गंधक आणि हरताळ-मनशीळ, मग धातू, दगड, हिराकस-मोरचुदासारखे पदार्थ, टाकणखाराची जात आणि मिठे. ही विभागणी नावांवरून केलेली नाही, अक्षरांवरूनही नाही. आगीत टाकल्यावर पदार्थ कसा वागतो, यावरून ती केली आहे. नवव्या-दहाव्या शतकाच्या मानाने हे फार पुढचे पाऊल होते.

आता तराजूकडे येऊ. अल-बिरुनी, म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला अल्बेरुणी, ९७३ मध्ये ख्वारझममध्ये जन्मला. भारतावरच्या ग्रंथामुळे आपण त्याला ओळखतो. पण त्याने जी एक गोष्ट केली तिचे वर्णन आठवीतल्या मुलालाही समजेल. एक शंकूच्या आकाराचे भांडे, वर मान निमुळती, मानेच्या बाजूला खाली वळलेली नळी. भांड्यात नळीपर्यंत पाणी भरायचे. मग सोन्याचा तुकडा आधी तोलून अलगद आत सोडायचा. जेवढी जागा सोन्याने घेतली तेवढेच पाणी नळीतून बाहेर पडणार. ते पारड्यात धरायचे आणि तोलायचे. सोन्याचे वजन भागिले पाण्याचे वजन, की झाले विशिष्ट गुरुत्व. मान निमुळती का? कारण रुंद तोंडाच्या भांड्यात पाण्याची पातळी केसभर चढली-उतरली तरी पुष्कळ पाणी इकडचे तिकडे होते. अरुंद मानेत ती चूक लहान राहते. उपकरण बनवणारा माणूस आपली चूक कुठून येईल याचा आधीच विचार करतो आहे, हे आम्हाला त्या आकड्यांपेक्षाही मोलाचे वाटते. पाणी कुठले आणि ऋतू कोणता याचीही नोंद आहे: ख्वारझमच्या जुर्जानिया शहरी, शरद ऋतूच्या सुरुवातीला, जैहून नदीचे पाणी. पाणी बदलले, गरम-थंड झाले तर आकडा बदलतो, हे त्याला ठाऊक होते.

मूळ तत्त्व आर्किमिडीजचे, आणि हे कोणी लपवलेले नाही. अल-खाझिनीने तर आपल्या आधीच्या यवन आणि मुस्लिम तराजूकारांची नावेच लिहून ठेवली आहेत. हा अल-खाझिनी आमचा लाडका माणूस आहे, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबतो. तो जन्माने रूमी गुलाम होता. मर्व शहरातल्या एका खजिनदाराच्या, म्हणजे ‘खाझिन’च्या घरी वाढला, मालकाने त्याला गणित आणि तत्त्वज्ञान शिकवले, आणि मालकाच्या हुद्द्यावरूनच त्याला नाव पडले. आपला ‘खजिना’ त्याच धातूचा. पुढे सुलतान संजरच्या दरबारात त्याची कीर्ती झाली. त्याला हजार दिनार पाठवले गेले, ते त्याने परत केले. गाठीला दहा दिनार आहेत, वर्षाला तीन पुरतात आणि घरात खाणारे एक मांजर तेवढे, असे त्याचे म्हणणे होते, अशी नोंद आहे.

त्याचा ‘मीझान-अल-हिकमा’, म्हणजे शहाणपणाचा तराजू, हा ग्रंथ हिजरी ५१५ चा, म्हणजे ११२१-२२ चा. त्यात ज्या तराजूचे वर्णन आहे त्याला पाच पारडी आहेत. दांडी सुमारे दोन मीटर लांब. हजार मिसकाल, म्हणजे जवळपास साडेचार किलो तोलताना एका हब्ब्याचा, सुमारे ७५ मिलिग्रॅमचा फरक ती दाखवते, असे तो सांगतो. गुंजेच्या निम्म्याहून थोडे जास्त! दागिन्यात सोने किती आणि चांदी किती, हे दागिना न वितळवता, हवेत आणि पाण्यात तोलून, पारडे सरकवून काढता येत असे. त्याच्या कोष्टकातले आकडे आजच्या भाषेत मांडले तर सोने १९.०५, पारा १३.५६, शिसे ११.३२, लोखंड ७.७४. आजचे आकडे अनुक्रमे १९.३, १३.५५, ११.३४ आणि ७.८७. नऊशे वर्षांचे अंतर, आणि पाऱ्याचा फरक शेकड्याच्या दहाव्या हिश्शाइतका. फुशारकीच मारायची असेल तर ती या पाऱ्यावर मारावी. इथे ती शोभते.

या तराजूला एक दुःखद पूर्वकथा आहे. खाझिनीच्या आधी अल-इस्फिझारी नावाच्या शास्त्रज्ञाने असाच तराजू बनवला होता. उमर खय्यामचा तो समकालीन. खय्यामचेही पाण्याच्या तराजूवरचे एक प्रकरण खाझिनीने आपल्या ग्रंथात घेतले आहे. इस्फिझारीने आपला तराजू सुलतानाच्या खजिन्यासाठी दिला. बैहकी हा चरित्रकार सांगतो की, भेसळ उघडी पडेल या भीतीने खजिनदाराने तो मोडून टाकला आणि इस्फिझारी त्या दुःखाने मेला. मापात पाप करणाऱ्यांना कुराणाने सूरह मुतफ्फिफीनमध्ये खडसावले आहे, हे त्या खजिनदाराने ऐकले नसेल काय? ऐकले असणारच. रोज ऐकले असेल. तरी तराजू मोडला. ही कथा आपल्या सभांत सांगितली जात नाही. ती सांगायला हवी. कारण शास्त्र बुडते ते नेहमी बाहेरच्या स्वारीनेच बुडते असे नाही. मर्ववर मंगोल धाड १२२१ मध्ये आली. तराजू त्याच्या फार आधी घरातल्याच माणसाने मोडला होता.

इतका सूक्ष्म तराजू हाती असताना आधुनिक रसायनशास्त्र मर्वमध्ये किंवा बगदादमध्ये का जन्मले नाही? याची पुष्कळ उत्तरे दिली जातात: मंगोल, गझाली, तुर्क, छापखान्याचा अभाव. आम्हाला एक लहानसे उत्तर जास्त पटते, आणि त्यासाठी कुर्तुबाला, म्हणजे स्पेनच्या कॉर्दोबाला जावे लागते.

दहाव्या शतकात तिथे ‘रुत्बत-अल-हकीम’ नावाचा किमयेचा ग्रंथ लिहिला गेला. पूर्वी तो गणिती अल-मजरितीचा मानत. आता बहुतेक अभ्यासक तो मसलमा अल-कुर्तुबीचा, म्हणजे ९६४ मध्ये वारलेल्या विद्वानाचा मानतात. त्यात एक प्रयोग आहे. पाव रतल शुद्ध पारा अंड्याच्या आकाराच्या काचेच्या भांड्यात घातला, ते भांडे दुसऱ्या भांड्यात ठेवले आणि मंद आचेवर चाळीस दिवस, चाळीस रात्री तापवले. उघडून पाहिले तर पाऱ्याची मऊ, लाल भुकटी झालेली. आणि वजन? मूळचे होते तेवढेच, असे लेखक नमूद करतो.

ही लाल भुकटी म्हणजे पारा आणि हवेतला ऑक्सिजन यांचे संयुग. सगळा पारा लाल झाला असेल तर वजन वाढायलाच हवे; शंभर तोळ्यांचे एकशे आठ तोळे. कदाचित थोडा पारा वाफ होऊन निसटला असेल, कदाचित तराजू भरड असेल, कदाचित वजन बदलायचे कारणच काय असे वाटून त्याने नीट पाहिले नसेल. काहीही असो, ते आठ तोळे त्याच्या हातून सुटले. त्या आठ तोळ्यांत रसायनशास्त्र होते.

सन १७८९ मध्ये पॅरिसच्या लाव्हाझिएने आपल्या पुस्तकात अगदी हाच प्रयोग मांडला. पारा, बंद भांडे, आणि चाळीसऐवजी बारा दिवस आच. त्याने भांड्यातली हवाही मोजली होती. तिचा सुमारे सहावा भाग नाहीसा झाला. पाऱ्यावर जमलेली लाल भुकटी ४५ ग्रेन भरली. ती जास्त तापवली तेव्हा साडेएकेचाळीस ग्रेन पारा परत मिळाला आणि सात-आठ घन इंच वायू निघाला, ज्यात मेणबत्ती झगझगीत जळत होती. ४५ आणि साडेएकेचाळीस! शेकडा आठचाच हिशोब. घटले ते कुठे गेले आणि वाढले ते कुठून आले, हे त्याने रोजकीर्द लिहावी तसे लिहिले. हा लाव्हाझिए पेशाने करवसुलीच्या ठेक्यातला भागीदार होता. जमाखर्चाचा माणूस. त्या धंद्यातला पैसा त्याने पॅरिसच्या कारागिरांकडून तराजू बनवून घेण्यात घातला, आणि त्याच धंद्यापायी १७९४ च्या ८ मे रोजी क्रांतिकारकांनी त्याचे डोके उडवले.

आमचे उत्तर ते हेच. खाझिनीचा तराजू खजिन्यात होता. सोने, चांदी आणि माणके तोलण्यासाठी. किमयागाराची भट्टी दुसऱ्या घरात होती. दोघांची गाठ क्वचित पडली. अल-बिरुनी आणि इब्न सीना हे तर किमयेला मानतच नव्हते. धातूला रंग चढवता येतो, जात बदलता येत नाही, असे इब्न सीनाने साफ लिहिले. म्हणजे ज्यांच्यापाशी नेमके माप होते ते भट्टीपासून दूर राहिले आणि ज्यांच्यापाशी भट्टी होती ते सोन्याच्या मागे लागले. हवेतही वस्तूचे वजन किंचित कमी भरते, हे खाझिनीने लिहून ठेवले होते. पण हवाच पदार्थात शिरते आणि तोलता येते, इथवर कोणी गेले नाही. लाव्हाझिएने खजिन्यातला तराजू भट्टीपाशी आणला.

अणूची गोष्टही अशीच. आमच्या कलामवाल्यांनी, विशेषतः अशअरी विद्वानांनी, ‘ज्याचे पुढे तुकडे होत नाहीत असा अंश’ मानला होता. त्याला ‘जौहर-ए-फर्द’ म्हणत. त्याआधी यवनांत डेमोक्रिटस, आपल्याकडे कणाद. अणू आमच्याकडे आधीच होता, असे शेजारच्या घरातही ऐकू येते, आणि आपल्याही. दोन्ही घरांना आमचे नम्र निवेदन असे की, यातल्या एकाही अणूला वजन नव्हते. अशअरींचा अणू ईश्वराची सत्ता क्षणोक्षणी कशी चालते हे समजावण्यासाठी होता. तो वाद मोठा आहे, सखोल आहे, पण तो पाण्यात ऑक्सिजन किती हे सांगत नाही.

वजनाचा अणू मँचेस्टरच्या जॉन डाल्टनने आणला. हा विणकराचा मुलगा, शाळामास्तर. त्याने १८०३ मध्ये अणूंच्या सापेक्ष वजनांची पहिली यादी टिपली. ग्रंथ १८०८ मध्ये आला. एक अणू पारड्यात ठेवता येत नाही, मग त्याचे वजन कसे काढायचे? बोहऱ्याच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे मोजून देत नाहीत, तोलून देतात. बारीक खिळा एक ग्रॅमचा आणि जाड सोळा ग्रॅमचा असेल, तर एक किलो बारीक आणि सोळा किलो जाड खिळ्यांत नग सारखेच. तोलणे हीच मोजणी. डाल्टनने हायड्रोजनला एक धरले आणि बाकीच्यांचे वजन त्याच्या पटीत काढले. पण एक खोच राहिली. पाण्यात एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असे त्याने धरून टाकले. दोन हायड्रोजन असतील हे कशावरून कळणार? सारख्या घनफळाच्या वायूंत रेणूंची संख्या सारखी असते, असे इटलीच्या आव्होगाद्रोने १८११ मध्ये सुचवले. त्यात उत्तर होते. कोणी ऐकले नाही. पन्नास वर्षे गोंधळ चालला, पाण्याची सूत्रेसुद्धा ज्याची त्याची. शेवटी १८६० च्या सप्टेंबरात जर्मनीत कार्ल्सरूह येथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली आणि कानिझारोने आव्होगाद्रोची बाजू मांडली. ऑक्सिजन १६ ठरला. आज आपण म्हणतो की १८ ग्रॅम पाण्यात, म्हणजे दीड तोळ्याहून किंचित जास्त पाण्यात, ६०२२ वर वीस शून्ये इतके रेणू असतात. ‘मोल’ म्हणून मुले ज्याला घाबरतात, तो एवढाच: तोलून मोजलेला ढीग.

योगायोग पाहा. त्याच १८६० मध्ये, तब्रीझमध्ये राहिलेल्या खानिकोव्ह या रशियन मुत्सद्द्याने ‘मीझान-अल-हिकमा’चा परिचय आणि उतारे एका अमेरिकन नियतकालिकात छापले, आणि खाझिनीचे आकडे युरोप-अमेरिकेच्या नजरेस आले. कार्ल्सरूहच्या सभेतही एक तरुण रशियन बसला होता, दिमित्री मेंडेलीव. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

मेंडेलीवने १८६९ मध्ये तेव्हा माहीत असलेली ६३ मूलद्रव्ये अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडली. गुण पुन्हा पुन्हा त्याच पाळीने येतात, हे त्याच्या ध्यानात आले. ही आवर्तसारणी. असे कोष्टक जुळवण्याचा प्रयत्न इतरांनीही केला होता, पण मेंडेलीवने रिकामे खण ठेवण्याची हिंमत केली, आणि १८७१ मध्ये त्या खणांत येणाऱ्या पाहुण्यांचे अणुभार आणि घनताही सांगून टाकली. १८७५ मध्ये फ्रान्सचा लकोक द ब्वाबोद्राँ याला पिरेनीज पर्वतातल्या जस्ताच्या खनिजात गॅलियम सापडले. त्याने घनता मोजली, ४.७. पीटर्सबर्गहून मेंडेलीवने कळवले की ती ५.९ च्या आसपास असली पाहिजे. नमुना पुन्हा शुद्ध करा. ज्याने ती धातू डोळ्यांनी पाहिलीही नव्हती तो, ज्याच्या हातात ती होती त्याला, तुमचे माप चुकले म्हणून सांगतो! ब्वाबोद्राँने नमुना शुद्ध करून पुन्हा मोजले. ५.९. भांडण कशावर झाले? जैहूनच्या काठी अल-बिरुनीने जे मोजले त्याच राशीवर. १८८६ मध्ये जर्मेनियम सापडले. घनतेचे भाकीत ५.५, आणि मोजलेला आकडा त्याच्या जवळचाच. पुढे हवेतून काढलेला नायट्रोजन आणि संयुगातून काढलेला नायट्रोजन यांच्या वजनात रॅलेला दोनशेत एक भाग इतका फरक दिसला; त्या फरकातून १८९४ मध्ये आर्गॉन निघाला आणि सारणीला एक अख्खा नवा स्तंभ लागला.

सारणीचा खरा क्रम अणुभाराचा नसून अणुक्रमांकाचा, हे १९१३ मध्ये हेन्री मोझले या इंग्रज तरुणाने क्ष-किरणांनी दाखवले. दोन वर्षांनी गॅलिपोलीच्या लढाईत तुर्की गोळीने तो मेला. वय २७. हे वाक्य लिहिताना आमचा हात थबकला. गॅलिपोलीचा विजय आपल्या वाडवडिलांनी अभिमानाने सांगितला आहे, आणि तो तुर्कांच्या स्वतःच्याच भूमीचा बचाव होता. पण त्या गोळीचाही जमाखर्च कुठेतरी लागतो.

आज सारणीत ११८ मूलद्रव्ये आहेत. रसायनशास्त्राचे नोबेल १९९९ मध्ये इजिप्तच्या अहमद झेवैल यांना, २०१५ मध्ये तुर्कस्तानच्या अझीझ सँजार यांना आणि २०२५ मध्ये इतर दोघांबरोबर उमर याघी यांना मिळाले. याघींचा जन्म अम्मानमधल्या पॅलेस्टिनी निर्वासित घरातला. आपल्याकडे तिन्ही वेळा अभिनंदनाचे संदेश फिरले. तिघांचेही काम अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत झाले, हे मात्र फारसे कोणी लिहिले नाही.

‘मीझान-अल-हिकमा’ची अरबी आवृत्ती कुठे छापली गेली? हैदराबादेत, दाइरतुल-मआरिफच्या छापखान्यात, १९४० च्या सुमारास. रत्ने आणि धातूंवरचा अल-बिरुनीचा ग्रंथही तिथलाच, १९३६-३७ चा. तेव्हा औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड त्याच राज्यात होते. त्याच शहरात १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि भाषांतर-खात्याने पाश्चात्त्य रसायनशास्त्र उर्दूत आणले. ‘उन्सुर’, ‘मुरक्कब’, ‘सालिमा’ हे शब्द असे पाठ्यपुस्तकांत रुळले, आणि अणूला नाव मिळाले ‘जौहर’. कलामवाल्यांचा तोच जुना शब्द, आता वजनासकट.

आपल्या मुलांची पंचाईत इथून सुरू होते. उर्दू शाळेत शिकणारी मुलगी ‘जौहर’ आणि ‘सालिमा’ शिकते. मराठी शाळेतला तिचा चुलतभाऊ ‘अणू’ आणि ‘रेणू’ शिकतो. हिंदी पुस्तक उघडले तर तिथे ‘अणु’ म्हणजे रेणू, आणि अणूला ‘परमाणु’! पुढे विज्ञान शाखेत गेली की दोघांनाही बहुधा इंग्रजीत सगळे पहिल्यापासून. पाठांतर करणारे तरतात, समजून घेणारे अडखळतात. शिक्षकांनी पहिल्याच तासाला फळ्यावर या चार भाषांचे कोष्टक काढून दिले तर अर्धी अडचण तिथेच सुटेल. काही शिक्षक ते करतातही. खुणा मात्र सगळ्या माध्यमांत एकच. पोटॅशियमची खूण ‘के’ का, पहिले अक्षर तर ‘पी’ आहे, असे मुले हमखास विचारतात. तो ‘के’ कॅलियमचा, कॅलियम ‘अल-कली’वरून, आणि कली म्हणजे झुडपे जाळून केलेली राख, जी साबण आणि काच करणारे विकत घेत.